डोंगर पेटला की पेटवला? आपल्याकडच्या आगींचं वेळापत्रक

डोंगरकाठ (सातारा)

मी साताऱ्याच्या पश्चिमेला, यवतेश्वराच्या डोंगराकडे तोंड असलेल्या एका वाडीत राहतो. सहा वर्षं झाली, एक वही ठेवलीय. डोंगराला धूर दिसला की तारीख, वेळ, वारा कुठून होता, आग कुठल्या अंगाला लागली, किती वेळ जळालं हे लिहितो. शेवटचा रकाना कारणाचा. पहिली दोन वर्षं तो रकाना एकाच शब्दाने भरला: अज्ञात. वर्तमानपत्रात तेच, पंचनाम्यात तेच, चहाच्या टपरीवरही तेच. ‘कुणीतरी लावला असंल.’ एवढं म्हटलं की विषय संपतो आणि पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात त्याच कडेला पुन्हा धूर दिसतो.

त्या ‘त्याच आठवड्यात’मुळेच हा धागा काढतोय.

आपल्याकडे वणवा आपोआप लागत नाही. वीज पडून म्हणाल तर आपली वीज वळवाबरोबर येते आणि येताना पाऊस घेऊन येते. बांबू घासून लागतो म्हणतात, तर आमच्या डोंगरावर बांबूचं बेटच नाही. म्हणजे माणूस आलाच. पण माणूस म्हणजे कोण? तिसऱ्या वर्षी मी आग विझल्यावर दुसऱ्या दिवशी जळक्या रानातून उलटा चालायला लागलो. एका जुन्या वनमजुराने शिकवलेलं: आग ज्या बाजूने येते, दगडाची ती बाजू काळी पडते, पाठ तशीच राहते. काळी तोंडं बघत बघत मागे जायचं. गुडघ्याएवढ्या दगडावर हे इतकं स्पष्ट दिसतं की पहिल्यांदा मी तिथेच बसून राहिलो. एका बाजूला काजळी, दुसऱ्या बाजूला पिवळी दगडफुलं जशीच्या तशी.

तसं चालत गेलं की बहुतेक वेळा चारपैकी एका ठिकाणी पोचतो.

डिसेंबर-जानेवारीत पोचतो शेताच्या बांधावर. बांध साफ करायला काडी लावली, दुपारी वारा फिरला, आग वर गेली. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण ज्याने लावली तो घाबरून घरी जाऊन बसतो आणि तेवढ्यात अर्धा तास निघून जातो.

फेब्रुवारीपासून पोचतो घाटाच्या वळणावर. तिथे सिगारेटची थोटकं, बाटल्या, चूल मांडलेले तीन दगड. यवतेश्वर-कास रस्त्यावरून कधीही उतरून बघा.

मार्च-एप्रिलमध्ये काही आगी रात्री आठ-नऊनंतर, कड्याच्या पोटात सुरू होतात. तिथे माग जातो आग्या मोहोळाच्या झाडाखाली. मध काढायला पेटवलेली, अर्धी जळालेली चूड पडलेली असते.

आणि एप्रिलच्या शेवटी, मे महिन्यात माग थेट गवताच्या मधोमध जाऊन थांबतो. जवळ रस्ता नाही, शेत नाही, झाड नाही. तिथे कुणीतरी मुद्दाम जाऊन काडी लावलेली असते. वळवाच्या आधी जाळलं की गवत जोमाने येतं, या समजुतीवर.

चार जागा, चार माणसं, चार कारणं. एकाच फलकाने चौघांना थांबवता येईल असं मला वाटत नाही. तुमच्या भागात कशा आगी लागतात ते लिहा. वाळवा, शिराळा, पाटण, माण, जत, कुठलंही. तारीख आठवत नसेल तर सण सांगितला तरी चालेल.

---

उसाचा_फड (वाळवा)

डोंगरकाठ, चांगला विषय काढलात. आमच्याकडे डोंगर नाही, पण आग आहे. नोव्हेंबर ते मार्च कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात रोज कुठे ना कुठे फड जळत असतो.

आमच्या दोन एकरांचं सांगतो. दुपारी दीडला शेजाऱ्याचा फोन आला, तुमचा ऊस पेटलाय. जाईस्तोवर वाऱ्याने काम केलं होतं. गावात लगेच सुरू, कुणी लावला, भाऊबंद की ऊसतोडीची टोळी? माझ्या डोक्यातही एक नाव आलंच, खोटं कशाला सांगू. वडील मात्र काही न बोलता विजेच्या तारांखाली जाऊन उकिडवे बसले आणि राख चाळायला लागले. त्यांना सापडले ॲल्युमिनियमचे मणी. ज्वारीच्या दाण्याएवढे, गोल, चकचकीत. झोळ पडलेल्या दोन तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, वितळलेला धातू खाली पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यावर पडला. ते मणी वडिलांनी काडेपेटीत भरून ठेवले आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात लिहून घेतले. त्या काडेपेटीमुळे आमची भाऊबंदकी वाचली.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी लक्षात ठेवा. नुसता तलाठ्याचा पंचनामा पुरत नाही, विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये अपघाताची चौकशी आहे, त्याचा आधार घेऊन लेखी अर्ज द्या. फोटो त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी तारा ताणून मोकळे होतात. आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

आता मुद्दाम लावलेल्या आगीचं. जळालेला ऊस थांबत नाही, वजन आणि साखर दोन्ही उतरतं, त्यामुळे कारखाना जळीत ऊस तोडणीची पाळी सोडून आधी घेतो आणि दरात कपात करतो. ज्याची पाळी फेब्रुवारीतून मार्चवर गेली, खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणाऱ्या पुढच्या पिकाला) उशीर होतोय, पाणी तुटायला आलंय, तो हिशोब घालतो. कपात परवडली, पण रान मोकळं झालं पाहिजे. असे शेतकरी मी बघितलेत. त्यांना गुन्हेगार म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण शेजाऱ्याच्या फडात आग गेली की काय म्हणणार?

टोळीवर सरसकट आळ घेऊ नका. ऊस जळाला की वाढेही (उसाचे हिरवे शेंडे) जातात आणि वाढे विकून टोळीच्या हातात रोजचे चार पैसे येतात. लोळलेला, दाट, कुसाचा ऊस असेल, आत बिबट्याची भीती असेल, तर तेही ‘मालक, पेटवून द्या’ म्हणतात. दोन्ही खरं आहे.

---

माणदेशी

आमच्या हिकडं ऊस न्हाई आन जंगल बी न्हाई. आमची आग म्हंजी गंजीची.

ज्वारी निघाली, कडबा बांधला, गंज रचली की फाल्गुनापास्नं जीव टांगणीला. जनावराचं पुढच्या पावसापर्यंतचं खाणं एका ठिकाणी उभं असतंय. माण-खटावात, आटपाडी-जतला ज्याची गंज जळली त्याला जनावरं बाजार दाखवायचीच पाळी. गंजीची आग इझत बी न्हाई लवकर. वरनं पाणी मारलं तरी आत दोन दोन दिस धुमसती. वाचलेल्या पेंढ्या बाजूला काढून ठिवल्या तरी जनावर त्वांड लावत न्हाई, धुराचा वास जात न्हाई त्येंचा.

आमच्या गावात गंजी जळतात त्या दोनच येळंला. एक शिमग्याच्या आसपास, पोरं ठिणग्या उडवत्यात. दुसरी, तलाठ्याकडं वाटपाचा अर्ज गेला की. बांधाचा वाद, वाटणीचा वाद, निवडणुकीचा वाद. बोलायला जड जातंय पर खरं हाय. माणूस माणसावर हात टाकायला भितोय, गंजीला काडी लावायला भीत न्हाई, कारण राख कुणाचं नाव सांगत न्हाई. कायद्यात मात्र ही बारकी गोष्ट न्हाई. आग लावून नुकसान केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२६ लागतंय आन शिक्षा वर्षांत मोजत्यात.

म्हाताऱ्यांचं एक सांगणं हुतं: एक मोठी गंज करू नगं, दोन बारक्या कर, मधी बैलगाडी फिरंल एवढी जागा सोड, आन चुलीची राख उकिरड्यावर टाकायच्या आधी पाणी मार. आता जागा न्हाई म्हणून सगळी एकच गंज रचत्यात, ती बी विजेच्या तारंखाली.

---

रानवाटा

उपग्रहाच्या नकाशावर आपला भाग बघणाऱ्यांसाठी थोडं लिहिते, कारण त्यावरून चुकीचे निष्कर्ष काढलेले नेहमी दिसतात.

भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे ठिपके काढतं आणि वनखात्याला संदेश पाठवतं. ‘वन अग्नी’ या संकेतस्थळावर ते आपल्यालाही दिसतात. आगीसाठी सध्या वापरली जाणारी व्हीआयआयआरएस यंत्रणा ३७५ मीटरच्या चौकटीत बघते, जुनी मोडिस १ किलोमीटरच्या. नकाशा उघडला की कृष्णाकाठी हिवाळाभर ठिपक्यांची रांगोळी दिसते. तो वणवा नसतो, तो फड आणि पाचट असतं. वन हद्दीची रेघ सोबत ठेवून वाचावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. व्हीआयआयआरएसचे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. तुमच्या डोंगरावरचं गवत संध्याकाळी सहाला पेटलं आणि नऊला संपलं, तर उपग्रहाच्या लेखी ती आग लागलीच नाही. माणदेशी दादांची गंज तर त्याला सहसा दिसणारही नाही. म्हणजे नकाशावर ठिपका नाही याचा अर्थ आग नव्हती असा होत नाही. डोंगरकाठ यांच्या वहीसारख्या वह्यांची गरज आहे ती इथे.

आणखी एक, गवताबद्दल. जाळल्यावर हिरवा कोंब येतो हे खरंच आहे, मुळांमध्ये साठवलेलं अन्न वापरून येतो. पण कोणतं गवत टिकतं ते बघा. कुसळी गवताचं बी त्याच्या पिळदार, टोकदार कुसळाने स्वतःला मातीत खुपसून घेतं, त्यामुळे आग वरून निघून जाते आणि बी वाचतं. मारवेलसारखं चांगल्या चाऱ्याचं गवत आणि झाडांची रोपं मागे पडतात. दरवर्षी जाळलेल्या डोंगराला कुसळी जास्त, हे तुम्ही पायमोज्यांवरूनही ओळखाल. आणि चंडोल, तित्तर, टिटवी यांची घरटी जमिनीवरच असतात. एका जळक्या पठारावर मला टिटवीची चार अंडी दिसली होती, खड्यांच्या वर्तुळात, टोकं आत करून, नीट मांडलेली. हातात घेतली तर वजनच नव्हतं. टिटवी दोन दिवस तिथेच ओरडत फिरत होती.

---

वाड्यावरचा

ताई, तुमचं बरोबर हाय. पर आमचंबी ऐका. आम्ही मेंढरं घेऊन फिरतो. कुसळ मेंढराच्या लोकरीत जातं, तिथनं कातड्यात शिरतं, डोळ्यात जातं. गाभण मेंढी आजारी पडली की आमचं वरीस गेलं. म्हणून आमचा बाप जाळायचा. मी बी लहानपणी चूड धरलीया. जाळल्यावर येणारा कवळा पाला मेंढरू कसं खातंय ते बघितलं म्हंजी कळंल.

मी बंद केलं ते भाषणानं न्हाई. एका गावानं आम्हाला सांगितलं, हा पट्टा तुमचा, पावसाळा संपला की कुसळ पडायच्या आधी बसवा मेंढरं, चरून घ्या, बसण्याचं खत आमच्या शिवाराला. कुसळ उरलंच न्हाई तर जाळायचं काय? बाकी गावं बंदीचा फलक लावत्यात आन पाठ फिरवत्यात. चराईबंदी केलेलं रान वाळून कंबरंएवढं उभं ऱ्हातं, मग त्याला कुणाचीबी एक बिडी पुरती.

---

डोंगरकाठ (सातारा)

वाड्यावरचे भाऊ, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. माझ्या वहीतल्या चौथ्या जागेवरचा माणूस पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

चराईबंदीचं तुम्ही म्हणता ते मी डोळ्यांनी बघितलंय. दोन डोंगर शेजारी शेजारी. एकावर बंदी, गवत कापायलाही मनाई. दुसऱ्यावर वन समिती गवताचा लिलाव करते, लोक डिसेंबरात कापून भारे नेतात. पहिला डोंगर सहापैकी पाच वर्षं जळाला. दुसऱ्याला आग लागली तेव्हा पैसे भरलेली माणसं धावली, कारण गवत त्यांचं होतं.

---

पाटणची_लेक

राबाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याचा पश्चिम भाग, इथे भाताचं आणि नाचणीचं तरवं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर रचून राब भाजतात. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. माझी आई भाजायची. पण तिची पद्धत ऐका. आधी चारी बाजूंनी कुदळीने हातभर माती उघडी करायची, पहाटे दव असताना पेटवायचं, वरच्या कडेने पेटवायचं म्हणजे आग उताराकडे हळूहळू खाली येते, आणि थरावर माती टाकायची. राब धुमसला पाहिजे, भडकला नाही पाहिजे. ती राख थंड होईपर्यंत घरी यायची नाही. भाकरी तिथेच.

आता घरात माणसंच नाहीत. पोरं मुंबईला. म्हातारा-म्हातारी दुपारी जाऊन काडी लावतात आणि ऊन लागतं म्हणून परत येतात. आमच्या वरच्या अंगाला कोयना अभयारण्याची हद्द, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. आगीने हद्द ओलांडली की गुन्हा, आणि तो दाखल होतो सत्तर वर्षांच्या माणसावर. वनखात्याने आणि पंचायतीने मिळून राब भाजायचे दिवस ठरवले, त्या पहाटे चार तरुण पंप घेऊन उभे केले, तर निम्म्या आगी तिथेच थांबतील असं मला मनापासून वाटतं.

---

जुनी_पेठ (सांगली)

विषय थोडा लांबचा आहे, पण ‘अज्ञात’ हा शब्द वाचून राहवलं नाही. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ साली आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आमच्या गावच्या घराची एक तुळई अजून काळी आहे, वडिलांनी ती बदलू दिली नाही. कागदोपत्री आग लावणारे अज्ञात जमावातले. आजी मात्र नावं घेऊन सांगायची, आणि त्याच दमात विझवायला घागरी घेऊन आलेल्या शेजाऱ्यांचीही नावं घ्यायची. गावाला दोन्ही याद्या पाठ होत्या. गावात आग लावणारा अज्ञात नसतो, फक्त त्याचं नाव लिहिलं जात नाही.

---

जाळरेषा

मी आगीच्या हंगामात वनखात्याकडे हंगामी मजूर म्हणून जातो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमचा काळ. वर सगळ्यांनी कारणं लिहिली, मी विझवण्याचं लिहितो, कारण दरवर्षी पोरं उत्साहाने येतात आणि भाजून घेतात.

आग चढाला पळते. साधारण १० अंशांचा चढ वाढला की वेग दुप्पट. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका, फोटो काढायला तर नाहीच. जळून गेलेल्या काळ्या रानातून आत जायचं, आगीच्या शेपटाकडून, म्हणजे मागच्या बाजूने, दोन्ही कुशी मारत तोंडाकडे जायचं. हिरवी डहाळी घेऊन झोडपायचं नाही, दाबायचं. झोडपलं की ठिणग्या पुढे उडतात. अंगात सुती कपडे, नायलॉनची पँट वितळून कातडीला चिकटते. ब्लोअर असेल तर तो चालवणाऱ्याच्या मागे एक माणूस कायम. विझल्यावर शेणाच्या गोवऱ्या आणि वाळके बुंधे तपासा, ते रात्रीत पुन्हा पेटतात.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, डिसेंबर-जानेवारीत काढून झाली पाहिजे. मार्चमध्ये काढायला गेलात तर तीच आग सुटते, हे मी एकदा बघितलंय आणि तो डाग आमच्याच टोळीवर आहे. धूर दिसला की १९२६ वर फोन करा. खूण सांगताना गावाचं नाव पुरत नाही, कुठली सोंड, कुठलं देऊळ, कुठली टाकी ते सांगा. आम्हाला चुकीच्या बाजूने चढायला लागलं की तासभर जातो.

---

उसाचा_फड (वाळवा)

पाचटाचं राहिलं म्हणून परत आलो. तोडणीनंतर पाचट जाळणं ही आमच्याकडची सर्वात मोठी आणि पूर्ण टाळता येणारी आग. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पालाश १ टक्क्याच्या आसपास. नत्र तर धुरातून उडूनच जातं. मी गेली पाच वर्षं एका आड एक सरीत पाचट ठेवतो, युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकतो. उन्हाळ्यात एक पाणी वाचतं हे विहिरीवर उभं राहून मोजलेलं आहे. शेजाऱ्याने तीन वर्षं बघितलं, यंदा त्याने काडी लावली नाही.

तारांखालच्या दोन सऱ्या मोकळ्या ठेवायला लागलोय. तिथे चवळी करतो.

---

सागरेश्वरकाठ

आमचं सागरेश्वर अभयारण्य माणसाने वाढवलेलं आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी उघड्या डोंगरावर झाडं उभी केली, १९८५ ला अभयारण्य झालं, जेमतेम ११ चौरस किलोमीटर. भोवती कुंपण. सांबर, चितळ आत आहेत, आग आली तर पळायला जागा तेवढीच. श्रावणात दर्शनाला येणाऱ्यांपासून भीती नाही, सगळं ओलं असतं. भीती उन्हाळ्यातल्या सहलींची आणि कुंपणाबाहेर बांध जाळणाऱ्यांची. म्हणून कुंपणाला लागून ज्यांची शेतं आहेत त्या घरी मी स्वतः जाऊन आलो. बांध जाळायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करा, मी फवारणीचा पंप घेऊन येतो, असं सांगितलंय. आजवर तीन फोन आले.

---

डोंगरकाठ (सातारा)

तीन फोन! दादा, हे मी उद्यापासून आमच्या वाडीत करतो.

काल रात्री इथे धूर होता, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर झाला. आम्ही सात जण गेलो, जाळरेषा यांनी लिहिल्याप्रमाणे काळ्यातून शिरलो, अकरापर्यंत विझवलं. आज सकाळी काळी तोंडं बघत मागे गेलो. करंजाच्या झाडाखाली चूड होती. ती कुणाची ते मला कळलं, कारण त्या वाटेने एकच घर मधाला जातं. संध्याकाळी त्या घरी गेलो, चहा घेतला. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, लिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर केला तर पुरतो, पण त्याला वेळ लागतो आणि अंधारात घाई होते. पुढच्या वेळी मी सोबत पाण्याचा कॅन घेऊन येईन असं ठरलं. त्याचं नाव वहीत लिहू का, असं त्यालाच विचारलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, नाव नको, कारण लिहा.

आजची नोंद: काल, रात्री ८.५०. पूर्वेचा वारा, मंद. देवळामागची सोंड, मधली कड. दोन तास दहा मिनिटं. कारण: मध.